पायरी क्रमांक 5.415

आमची इमारत 5.415 इतकी सुखी आहे. हे मी म्हणत नाही, तळमजल्याची भिंत म्हणते. नोटीस बोर्डावर मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी असल्यामुळे आनंदाला जागा उरली नव्हती, म्हणून तो बोर्डाच्या वर, छताला लागून चिकटवलाय. कागद लॅमिनेट केलेला आहे, म्हणजे नजीकच्या काळात फरक पडेल अशी कमिटीचीही अपेक्षा नसावी. तो तिथे पोचवण्यासाठी टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर वॉचमन अशी रचना करावी लागली. उतरताना खुर्चीचा एक पाय गेला. वॉचमनचे दोन्ही शाबूत आहेत.

20 मार्च हा जागतिक आनंद दिन असतो, हे आमच्या कमिटीला यंदा कळलं. ही तारीख ज्यांनी ठरवली त्यांच्या गावात मार्च एंड नसतो, एवढं उघड आहे. आपल्याकडे त्या आठवड्यात घरपट्टीची शेवटची सूचना आलेली असते, बँकेतला माणूस मान वर करत नसतो, कुणाच्या तरी घरात परीक्षा चालू असते आणि पाणीकपातीच्या बातम्या सुरू झालेल्या असतात. त्या मुहूर्तावर सेक्रेटरी दारात उभे. हातात अर्जांचा गठ्ठा.

"काका, समजा एक शिडी आहे," ते म्हणाले.

"सापडली?" मी एकदम उठलोच.

इथे खुलासा करायला हवा. आमच्या सोसायटीची एक शिडी होती. ॲल्युमिनियमची, दहा पायऱ्यांची, सर्वसाधारण सभेत दीड तास चर्चा करून घेतलेली. गेल्या गणपतीत मखराचं तोरण बांधायला म्हणून ती तिसऱ्या मजल्यावर गेली. गणपती गेले, शिडी राहिली. दिवाळीत आम्ही कंदील स्टुलावर स्टूल ठेवून लावले. गच्चीवरच्या टाकीवर चढायला दुसरं साधन नसल्याने टाकी तेव्हापासून धुतलेली नाही.

"तसं नाही काका. ही मनातली शिडी आहे."

"आपली तरी दुसरी कुठे आहे?"

सेक्रेटरींनी हे ऐकलं नाही. ते अर्ज वाचू लागले. शिडीला खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं उत्तमोत्तम आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

ही शिडी कमिटीच्या डोक्यातून निघालेली नाही. ती अमेरिकेत 1965 साली तयार झाली आणि दरवर्षी सुखी देशांचं जे कोष्टक छापून येतं, ते तिच्याच आधाराने लागतं. गंमत अशी की या प्रश्नात 'सुख' किंवा 'आनंद' हा शब्दच नाही. माणसाला पायरी विचारायची, देशाची सरासरी काढायची, वर 'आनंद' असं शीर्षक द्यायचं. म्हणजे भाजीवालीला पिशवीचं वजन विचारायचं आणि घरी येऊन सांगायचं, रस्सा झणझणीत झालाय. 2018 ते 2025 अशी सलग आठ वर्षं फिनलंड पहिला. 2025 च्या कोष्टकात फिनलंडला 7.736 आणि आपल्याला 4.389. 147 देशांत आपला नंबर 118 वा.

मला नंबराचं काही वाटलं नाही. नापास होण्याची आपल्याला सवय आहे. मी अडकलो तो त्या 389 मध्ये. चौथी पायरी समजते. पाचवीही समजते. पण चौथ्या पायरीवर उभं राहून एक पाय उचलायचा, पाचवीच्या दिशेने न्यायचा आणि 389 सहस्रांशांवर नेऊन तिथेच हवेत धरायचा, हे आसन वर्षानुवर्षं करणाऱ्या देशाला कुणी सुखी म्हणा, दुःखी म्हणा, आधी त्याला कुणीतरी धरा! दूधवाला लिटरमागे शंभर मिली कमी घालतो ते आपल्याला मोजता येत नाही, रिक्षाचं मीटर कुठल्या हिशेबाने पळतं ते कळत नाही, टँकर दहा हजार लिटरचा म्हणून येतो आणि टाकी आठ हजारांची असून भरत नाही. पण एकशेचाळीस कोटींच्या काळजातलं सुख मात्र तिसऱ्या दशांशापर्यंत बिनचूक.

शिवाय, आपण गुण कसे देतो हे फिनलंडला कुणी सांगितलंय का? ज्या भाषेच्या परीक्षकाने निबंधाला पैकीच्या पैकी गुण कधी दिले नाहीत, त्या भाषेचा माणूस स्वतःच्या आयुष्याला दहापैकी दहा देईल? आठ दिले तरी रात्री झोप लागणार नाही. गणितात शंभर मिळाले तर 'पेपर सोपा होता' म्हणणारी आई आपली. बाळ गोरंगोमटं दिसलं की काजळाचं बोट आधी गालावर. नव्या गाडीला आधी लिंबू-मिरची, मग पेट्रोल. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर काळी बाहुली उलटी टांगणारी जमात अनोळखी माणसाने दिलेल्या कागदावर 'मी सुखी आहे' असं सहीनिशी लिहून देईल, ही अपेक्षा करणाऱ्याचीच दृष्ट काढायला हवी. मनातल्या मनात सात असतील तर कागदावर पाच. दोन गुण तिटेचे.

आणि मुळात आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. 'कसं काय?' 'चाललंय.' आता हे 'चाललंय' कितव्या पायरीवर बसवणार? सुस्कारा टाकून आलेलं 'चाललंय' म्हणजे मुलाचं लग्न ठरत नाहीये. झटक्यात आलेलं म्हणजे तुम्ही पैसे मागायला आलात की काय, अशी शंका. 'चाललंय की!' असं हेल काढून आलं तर ऊसबिल जमा झालंय. 'चाललंय आपलं' यातल्या 'आपलं'वर तर प्रबंध होईल, त्यात निवृत्तीवेतन, गुडघे आणि सून असे तिघंही येतात. 'मजेत' म्हणणाऱ्या माणसापासून जरा जपून राहावं, त्याने बहुधा विमा विकायला घेतलेला असतो. मनाच्या श्लोकांत हा सर्व्हे साडेतीनशे वर्षांपूर्वी उरकलाय. नमुना एक, तोही स्वतःचं मन. लॅमिनेशनचा खर्च नाही.

जाता जाता फिनलंडचं सांगतो. तिथे छप्पन्न लाख माणसं आणि तीसेक लाख सौना आहेत. म्हणजे माणसं गरम खोलीत घाम गाळत बसतात आणि त्याला सुख म्हणतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अख्खं चंद्रपूर हेच करतं, चोवीस तास, फुकट. त्याचा गुण कोष्टकात कुठे धरलाय, ते मला दिसलं नाही.

असो. अर्ज भरले गेले. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस घरांनी भरले. दुसऱ्या मजल्यावर दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलाने दहा लिहिले. घरामागे एकच अर्ज असल्याने त्याच्या आईने ते खोडून दोन केले, कारण निकाल लागायचाय. बेरीज 222, भागिले एक्केचाळीस, 5.415. फिनलंड नाही, पण भारताच्या एक पायरी वर. कमिटीने पेढे वाटायचे ठरवले होते, तेवढ्यात शेजारच्या सोसायटीचा आकडा आला. 6.2. त्यांच्याकडे पाणी दोन वेळा येतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी परत दारात. "काका, तुम्ही पाच दिलेत. जरा बघा ना, एखादा वाढवता आला तर." जणू मी वर्गणीत हात आखडता घेतलाय. मी म्हटलं, लिफ्ट चालू करा, दोन वाढवतो. त्यावर ते हसले आणि म्हणाले ते वाक्य जसंच्या तसं देतो: "लिफ्टचं एवढं काही नाही काका. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सात दिलेत. त्यांना काही अडचण नाही, मग आपण कशाला निगेटिव्ह व्हायचं?"

इथे माझं विनोदी लिखाण संपलं. त्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या आठवड्यातून एकदा खाली उतरतात, गुरुवारी, दत्ताला. प्रत्येक जिन्याच्या वळणावर एकेक मोडा ठेवलाय, त्यावर टेकत टेकत. खालचं देऊळ दोन मिनिटांवर आहे, त्यांना पाऊण तास लागतो. मी त्यांना विचारलं, आजी, सात कसे दिलेत? म्हणाल्या, "अरे, विचारायला आलेल्या माणसाला कमी कसं सांगायचं? आपण काय रडगाणं गायचं?" ही त्यांची रीत झाली. घरी आलेल्याच्या हातावर साखर ठेवतात तसे त्यांनी सात ठेवले. आणि त्या साखरेची पावती करून कमिटीने लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पुढच्या सभेवर ढकललाय! मिनिट्समध्ये 'रहिवासी समाधानी असल्याने' असं लिहिलंय, मी वाचलंय. माणसाने गोडीने राहायचं, सोसायचं, वर तोंडाने बरं बोलायचं, आणि मग तेच बोलणं त्याच्याच विरुद्ध फाइलला लावायचं! बँकेत दीड तास उभं करून बाहेर पडताना पाच पिवळे चेहरे पुढे करतात, तेव्हाही माझं हेच होतं. चेहरा मला काय विचारता, काउंटरवर माणूस बसवा. पायरी काय विचारता, शिडी आणा. आधी ती तिसऱ्या मजल्यावरची शिडी खाली आणा, टाकीवर कुणाला तरी चढवा, आत काय मरून पडलंय ते बघा, आणि मग या माझं अंतःकरण मोजायला.

हे सगळं मी घरी जरा चढ्या आवाजात बोललो. ही शांतपणे म्हणाली, "पण आपले पाच नाहीत. तुमचा अर्ज मी दिलाच नाही. दुसरा मागून घेतला, मीच भरला. आठ."

"आठ? कशाबद्दल?"

"त्या दिवशी सकाळी सहा दहा ते सहा पन्नास पाणी होतं. पूर्ण दाबाने. चादरी निघाल्या धुवून."

सेक्रेटरींनी ऐकीव माहितीवर मला पाचावर धरलं होतं, हे त्यातून कळलं. पण हिने आठच्या पुढे कंसात 'पाणी आलं म्हणून' असंही लिहिलं होतं, आणि फेरतपासणीत ते सापडलं. अर्जावर शेरे लिहायला परवानगी नाही. अर्ज बाद. आता बेरीज 214, भागिले चाळीस. 5.350. हिच्या चादरींमुळे अख्खी इमारत 65 सहस्रांशांनी खाली आली.

आकडा बदलायला हवा, असं कमिटीचं एकमत झालं. नवा कागद लॅमिनेट होऊन आलाय, सेक्रेटरींच्या टेबलावर पडून आहे. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कोकणात गेलेत, आंब्यांचं बघून मग येणार, किल्ली त्यांच्याजवळच. काल सेक्रेटरींनी वॉचमनला बोलावून जुना कागद काढायला सांगितलं. त्याने छताकडे पाहिलं, तीन पायांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"काढतो की साहेब," तो म्हणाला. "शिडी द्या."