सामायिक सबब

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज-१० चा सपोर्ट संपला आणि आमच्या घरात ‘नवा कॉम्प्युटर घ्यावा की जुनाच ठाकठीक करावा’ या विषयावर चर्चासत्र सुरू झालं. उद्घाटन झालं, बीजभाषण झालं, उपप्रश्न निघाले, चहा तर कितीदा झाला. समारोपाचं मात्र कुणी नाव काढेना.

कॉम्प्युटर २०१४ च्या दसऱ्याचा. त्याच वर्षी २ जूनला तेलंगण वेगळं झालं होतं आणि दुकानदाराची जुनी बिलबुकं संपायची होती, म्हणून आमच्या बिलावर छापलेलं ‘आंध्र प्रदेश’ बॉलपेनने खोडून वर ‘तेलंगाणा’ लिहिलं आहे. राज्य आणि कॉम्प्युटर एकाच वयाचे. दरम्यान राज्याने गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं ‘टीएस’ बदलून ‘टीजी’ केलं. कॉम्प्युटरने विंडोज-८ टाकून विंडोज-१० घेतलं, तेही २०१५ साली कंपनीने फुकट देऊ केलं म्हणून. फुकटचं नाकारण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

सिकंदराबादच्या वेस्ट मारेडपल्लीतल्या आमच्या दिवाणखान्यात, देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात तो बसलेला असतो. एका डब्यावर पाच जणांचा भार. नाना रेल्वेतून निवृत्त. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, तर ठसे घेणारं यंत्र याच कॉम्प्युटरला जोडलेलं. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. पण नानांचं म्हणणं, “चेहरा काय, कुणीही दाखवील. ठसा तो ठसा.” ऐंशी ओलांडल्यावर बोटं इतकी गुळगुळीत झालीत की ठसा उमटत नाही आणि नाना जिवंत आहेत हे सरकारला पटवण्यात अर्धा दिवस जातो. दोष अर्थात कॉम्प्युटरचा.

बायकोचे फोटो त्यातच आहेत. लग्नातले स्कॅन केलेले, मुलांच्या बारशांचे, प्रत्येक गणपतीचे आणि शिवाय एकाच मोदकाचे सतरा कोनांतून काढलेले. “एकदा निवांत बसून नीट लावायचेत, पण हा उघडायलाच इतका वेळ लावतो!” लेक कॉलेजची असाइनमेंटं यावरच करते, म्हणजे करते असं म्हणते. चिरंजीव आयटीत. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ते घरूनच काम करतात आणि या कॉम्प्युटरला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. त्यामुळे त्यांचं मत सर्वांत ठाम: “भंगारात द्या.”

राहिलो मी. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडे. जुने अंक सगळे जुन्या मराठी फाँटांत. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवून फाँट करत. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की ‘संपादकीय’ नाहीसं होतं आणि तिथे डॉलर, टक्के, कंस यांची जत्रा भरते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण ती आमच्या अंकापर्यंत यायला पुढे बरीच वर्षं गेली. माझं जुनं सॉफ्टवेअर चालवायचं तर डब्याच्या पाठीमागच्या पंचवीस भोकांच्या पोर्टात एक काळं कुलूप खोचावं लागतं. कुलूप काढलं की मराठी बंद. आणि नव्या कॉम्प्युटरला हा पोर्टच नसतो. मुलगा म्हणतो, “बाबा, कन्व्हर्टर मिळतात. सगळं युनिकोडमध्ये होईल.” मी ते ऐकलं नाही असं दाखवतो. “अंक झाल्यातच जमा आहे हो, पण फाँटचा घोळ चाललाय,” हे वाक्य मी मंडळाच्या सचिवांना इतकं ऐकवलंय की हल्ली फोनवर ते माझ्याआधी तेच म्हणतात.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो असं नाही. कंपनीकडून सुरक्षेची डागडुजी यायची थांबते, एवढंच. मग विंडोज-११ वर का जाऊ नये? त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. तेवढी ऐपत आमच्या डब्याची आहे. पण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. आमचा चौथ्या पिढीतला. स्थळ चांगलं, पगार चांगला, पण गोत्र जुळत नाही, तशातली गत.

गंमत म्हणजे ही अट घालणाऱ्या कंपनीचं अमेरिकेतल्या मुख्यालयाबाहेरच्या सर्वांत मोठ्या विकासकेंद्रांपैकी एक १९९८ पासून आमच्याच शहरात आहे, आता हैदराबादच्या गच्चीबावलीकडच्या टोकाला. हे कळल्यावर नानांना एकदम जोर चढला. सिकंदराबाद १८०६ साली निजाम सिकंदर जाहच्या नावाने वसलं खरं, पण छावणी ब्रिटिशांची. “हुसेनसागरापलीकडचं फर्मान इकडे चालत नसे,” नाना म्हणाले. “निजामाचं नाही चाललं, यांचं काय चालतंय!”

त्यात कंपनीने घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ देऊ केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मुदतवाढ हा शब्द कानावर पडताच सगळं घर सैल झालं. आयकराचं विवरणपत्र शेवटच्या रात्री भरणारी माणसं आम्ही. मुदत संपायच्या आत काही करणं म्हणजे आम्हाला मुदतीचा अपमान वाटतो.

मधल्या काळात तज्ज्ञांची मतं घेतली. वरच्या मजल्यावरचे काका ईसीआयएलमधून निवृत्त. हैदराबादेत १९६७ साली सुरू झालेली ही सरकारी कंपनी. तिने १९६९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आराखड्यावरून टीडीसी-१२ हा बारा बिटांचा कॉम्प्युटर बांधला. त्यामुळे कॉम्प्युटर हळू चालतो अशी तक्रार काकांपुढे करणं म्हणजे फाळणी पाहिलेल्या माणसाला लोकलच्या गर्दीची हकिगत सांगणं. “आमच्या वेळची मेमरी म्हणजे फेराइटच्या बारीक कड्यांतून तारा ओवलेल्या,” काका म्हणाले. “एका कडीत एक बिट. तुम्हाला आठ जीबी पुरत नाही?” लेकीने तिथल्या तिथे हिशेब केला. आठ जीबीला सहा हजार आठशे कोटींहून जास्त कड्या लागल्या असत्या. “आणि ओवणार कोण?” बायकोने विचारलं आणि घरातली सगळी शिवणकामं, ओवणकामं आणि निवडणकामं कोण करतं या विषयाकडे चर्चासत्र वळलं.

चिरंजीवांनी शेवटी आर्थिक बाजू मांडली. “घ्यायचाच होता तर आधी घ्यायला हवा होता. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, कंपन्या आधी तिकडे माल देतात.” नानांनी चष्मा वर केला. “कांदा महागला की साठेबाज कोण ते कळतं. याची वखार कुठेय?”

अशात कॉम्प्युटरने स्वतःच एक नवं लक्षण दाखवलं. बटण दाबलं की तारीख १ जानेवारी २०१३. बँकेची साइट उघडेना. ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ म्हणून ब्राउझरच अडवी. नाना खूश होते, कारण २०१३ मध्ये त्यांचे गुडघे चालत होते. बाकीच्यांनी एकमुखाने निदान केलं: वार्धक्य, स्मृतिभ्रंश, आता काही खरं नाही.

मग डबा रिक्षात मांडीवर घेऊन मी पॅटनी सेंटरवरून पार्क लेनला गेलो. तिथलं चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे आम्हा सिकंदराबादकरांचं सीटीसी. कॉम्प्युटरच्या बाबतीत जे काही घडायचं ते इथेच घडतं. अरुंद गल्लीवजा वाटा, काउंटरवर उघड्या पोटाचे डबे, वर टांगलेल्या केबलींच्या जुड्या आणि नव्या मालासमोर उभं राहून जुन्याचा भाव विचारणारी माझ्यासारखी माणसं.

“कित्ता पुराना है साब?” दुकानातल्या पोराने विचारलं.

“तेलंगाना जित्ता.”

“फिर तो अब्बी बच्चा है.”

त्याने बाजूचा पत्रा काढला आणि ब्लोअर मारला. देव्हाऱ्याशेजारी वर्षं काढल्यामुळे पंख्याच्या पात्यांवर उदबत्तीची काजळी आणि फोडणीचा चिकटा यांचा थर जमला होता. धूळ उडेना, म्हणून त्याने ती ब्रशने खरवडली. दुकानात क्षणभर आमच्या घरचा वास आला. मग मदरबोर्डच्या कोपऱ्यातली रुपयाएवढी चपटी बॅटरी त्याने नखाने उचकटली, मीटरला लावली आणि मला काटा दाखवला. काटा जागचा हलला नव्हता.

“ये सेल मर गया. बिजली बंद होने के बाद घड़ी इसपेच चलती. सेल खतम तो तारीख पीछे. तारीख पीछे तो बैंक वाला डरता.”

“बस, एवढंच?” मी मराठीतच विचारलं. सीटीसीत भाषा कुठलीही चालते.

“इत्तेच. इसके वास्ते कम्प्यूटर बदलते क्या कोई?” नवा सेल बसला. मग त्याने हार्डडिस्कवर बोट ठेवलं. आत मिनिटाला ७,२०० वेळा फिरणाऱ्या तबकड्या असतात, त्यांच्यावर एक चिमुकला हात फाइल शोधत धावतो आणि उशीर तिथे होतो. तिच्या जागी एसएसडी टाकली की आत काही फिरायचंच राहत नाही. रॅमही डीडीआर-३, ती वापरलेली मिळेल. “दोनों डालो, आराम से चलाओ. मैं नया बेचने बैठा हूँ साब, फिर बी बोल रा हूँ.”

असा सज्जन सल्ला मिळाल्यावर मी उत्साहाने घरी फोन लावला. “अगं, नव्याची गरजच नाही! थोडक्या पैशांत एकदम वेगवान होतोय!”

पलीकडे शांतता. मग बायको हळूच म्हणाली, “अहो, म्हणजे ते फोटो आता लावावे लागतील?” मागून लेकीचा आवाज आला, “बाबा, घाई कशाला? सोमवारी माझं सबमिशन आहे!” नानांनीही फोन मागून घेतला. “ठशाचं मशीन त्यावर चालेल ना? आणि तरी ठसा नाही उमटला, तर मग दोष कुणाचा?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चर्चासत्र इतके महिने समारोपाला का येत नव्हतं, ते कळलं. आमच्या घरात हा कॉम्प्युटर मुख्यतः एकाच कामासाठी वापरला जात होता: सबब म्हणून. लिखाण, फोटो, अभ्यास ही त्याची जोडकामं. नवा घेतला असता तर सबब गेली असती आणि दुरुस्त केला तरी ती जाणारच. म्हणून प्रत्येकाने आपापल्या परीने तिसरा मार्ग धरला होता, तो म्हणजे चर्चेचा. अपग्रेडचा हिशेब करताना लोक रॅमचा भाव बघतात, जीएसटी बघतात, जुन्याचे किती येतील ते बघतात. पाच माणसांची एक भरवशाची सबब निकालात निघते, तिची किंमत कुणी धरत नाही.

काउंटरवर डबा उघडा पडला होता आणि पोरगा स्क्रूड्रायव्हर हातात धरून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “डाल दो.”

आता कॉम्प्युटर बटण दाबल्याबरोबर हजर होतो. पूर्वी तो सुरू होईपर्यंत चहा व्हायचा, पेपर व्हायचा, कधी आंघोळही आटपायची. आता तो आधी तयार आणि आपण मागे. नानांनी सगळ्या गुळगुळीत बोटांचे ठसे देऊन पाहिले आणि हताश होऊन शेवटी मोबाइलला चेहरा दाखवला. बायकोने फोटोंचं पहिलं फोल्डर उघडलं, त्यातल्या एका लग्नातल्या साड्यांवरून तिचा बहिणीशी तासभर फोन झाला आणि फोल्डर मिटलं. मुलाने दिलेल्या कन्व्हर्टरने माझे जुने अंक युनिकोडमध्ये आले. काही ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेत, तेवढे हाताने उचलावे लागतील. ते काम आहे, सबब नाही.

मन घट्ट करून मी सचिवांना फोन लावला. “कॉम्प्युटर एकदम ठणठणीत झालाय. फाँटचा घोळही मिटला. अंक लवकरच देतो.”

“अरे बाप रे,” सचिव म्हणाले. “अहो, जाहिराती अजून जमायच्यात, अध्यक्षांचं मनोगत यायचंय आणि छपाईचे पैसेही नाहीत. मी सगळ्यांना तुमच्या कॉम्प्युटरचंच कारण सांगून ठेवलंय. महिना-दोन महिने तो बिघडलेलाच असू द्या ना!”