कच्च्या माशांबाबत खुलासा

टार्नीट, मेलबर्न
जुलै, थंडी कडाक्याची

ती. आई व अण्णा यांस,


चिरंजीवांनी फॅमिली ग्रुपवर जो फोटो टाकला, त्यावरून अलिबागेत उठलेला गदारोळ काकूच्या व्हॉइस मेसेजमधून इथवर पोचला. "पोर कच्चे मासे खातंय, तिकडे गॅस परवडत नाही का?" हा तिचा सवाल तर मी तुमच्या जावयांना दोनदा ऐकवला. फोनवर खुलासा करायला जावं तर आई मध्येच "ते राहू दे, जेवलात का?" म्हणते आणि अण्णांचा हात हमखास लाल बटणावर पडतो. म्हणून लिहूनच पाठवते. अण्णांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचावं, मात्र सासूबाईंचा मजकूर येईल तिथे आवाज जरा खाली घ्यावा. काकूचं आणि त्यांचं फोनवर बोलणं असतं.

पहिली गोष्ट, त्या फोटोत कच्चा मासा नाहीच. आत आहे कोंबडीचा तुकडा, ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला, सोबतीला काकडी आणि मेयोनेज. बाहेर भात, भाताभोवती समुद्री शेवाळाचा काळा कागद. ऑस्ट्रेलियात सुशी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं. जपानी माणूस या गुंडाळीचे सुबक तुकडे करून ताटलीत मांडेल. इथे ती अख्खीच कागदी पिशवीत घालून देतात आणि शाळकरी पोरं, ऑफिसातले साहेब, बांधकामावरचे गवंडी, सगळे ती काकडीसारखी कराकरा खात रस्त्याने चालतात. चिरंजीव त्यांतलेच. तेव्हा काकूला सांगा, गॅस आहे.

आता मूळ मुद्दा. शहरापासून पंचवीस किलोमीटर पश्चिमेला राहून माणसाला धड सुशी मिळते का? टार्नीटमध्ये वडापाव मिळतो, पाणीपुरी मिळते, किराणावाल्याकडे मेतकूट आणि कोकम मिळतं. रस्त्यात इंग्रजीखालोखाल पंजाबी ऐकू येते. दिवाळीत फराळाची ऑर्डर घ्यायला तर बायकांची चढाओढ असते. जपानी माणूस मात्र औषधालाही नाही. मेलबर्नमधली जपानी शाळा आहे साउथ कॉलफील्डमध्ये, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. शाळा जिथे, तिथे आसपास बिऱ्हाडं, आणि बिऱ्हाडं तिथे दुकानं. आमच्या आणि त्यांच्या मध्ये वेस्ट गेट पूल. शनिवारी दुपारी तो ओलांडून सुशी खायला जायचं, तर परत येईपर्यंत पुन्हा भूक लागते.

हा नाद लागला चिरंजीवांच्या शाळेमुळे. इथल्या बऱ्याच शाळांत परकी भाषा म्हणून जपानी शिकवतात, मेलबर्न आणि ओसाका ही 1978 पासून भगिनी शहरं आहेत, तेव्हा हौसेला सरकारी पाठबळही आहे. परिणाम असा, की ताटावर बसलं की सासूबाई डोळे मिटून श्लोक म्हणतात, चिरंजीव हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात आणि तुमचे जावई तेवढ्यात दोघांच्या वाटचे पापड संपवतात.

तर शोधाची सुरुवात अर्थातच मॉलमधल्या काउंटरपासून झाली. काचेचा लांबलचक फ्रिज, आत रांगेने रोल. टुना-मेयो, तेरियाकी चिकन, सॅमन-अ‍ॅव्होकाडो, नुसता अ‍ॅव्होकाडो. शेजारी आल्याच्या पुड्या, हिरव्या वासाबीच्या पुड्या (ती वासाबी बहुतेक हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाला हिरवा रंग देऊन केलेली असते, खरीखुरी टास्मानियात पिकते, पण तिचा भाव ऐकूनच नाकात झिणझिण्या येतात). आणि सोया सॉस भरलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या, प्लास्टिकच्या मासळ्या! लाल टोपण, अंगावर खवले, इवलासा डोळा. अण्णा, ही तुमच्या आवडीची माहिती: 1954 साली ओसाकाच्या तेरुओ वातानाबे यांनी ही मासळी काढली आणि ती जगभर पोहत गेली. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर बंदी आली, कारण एवढंसं प्लास्टिक धड गोळाही करता येत नाही आणि शेवटी समुद्रात जातं. आमच्या राज्यात अजून दिसते. सासूबाईंनी त्या रिकाम्या मासळ्या धुऊन, वाळवून, त्यांत निरांजनाचं तेल भरून ठेवलंय. दोन थेंब हवे तर दोनच पडतात. मी म्हटलं, "आई, देवापुढे मासा?" तर म्हणाल्या, "मत्स्यावतार आहे तो."

यावर कोण काय बोलणार!

पण खाणं? भात थंडगार आणि टणक. आता इथे आईची शिकवण कामाला आली. आपण बाजारात जातो तेव्हा आई कल्ले उघडून बघते, डोळा बघते, पोट दाबते आणि मग कोळणीशी भांडते. इथल्या काउंटरवर माशाला डोकंच नाही, कल्ले कुठून उघडणार? बरं, निम्म्या रोलमध्ये मासाच नाही. उरला भात. आणि माझं आता ठाम मत झालंय की सुशीची परीक्षा भातातच आहे, मासा नंतर. सुशीच्या भाताला तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ लावतात. त्या आंबटपणामुळे तो काही तास बाहेरही खराब होत नाही. फ्रिजमध्ये गेला की मात्र दाण्यातला स्टार्च कडक होतो आणि दाताखाली खडे लागतात. म्हणजे मासा बाहेर ठेवला तर मासा जातो, आत ठेवला तर भात जातो. म्हणून सुशी ही करून ठेवायची वस्तूच नव्हे.

हे उमगल्यावर मी काउंटरवरच्या मुलीला आईच्याच सुरात विचारलं, "भात कधीचा?" तुमचे जावई तत्क्षणी समोरच्या दुकानातली मोबाइलची कव्हरं बघायला निघून गेले. मुलगी बिचारी प्रामाणिक. म्हणाली, सकाळचा घाणा दहाला, जेवणाचा साडेअकराला, त्यानंतर संपेपर्यंत. तेव्हापासून आमच्या घरात बाहेरची सुशी पावणेबाराला खातात. जावयांचं तत्त्व निराळं. मॉल साडेपाचला मिटतो, त्याआधी उरलेले रोल निम्म्या भावात काढतात, आणि त्यांच्या मते निम्मी किंमत ही स्वतंत्र चव आहे.

राग येतो तो टुनाच्या रोलचा. आई, टुना म्हणजे आपला कुपा, त्याचीच इथली बडी भावंडं. साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनजवळ समुद्रात मोठाल्या गोल जाळ्यांत ब्लूफिन टुना खाऊपिऊ घालून वाढवतात, आणि त्यातला बहुतेक सगळा माल जातो जपानला. आम्ही याच देशात राहून डब्यातला टुना मेयोनेजमध्ये कालवून खातो. तांदूळ तेवढा इथला. त्याचीही गंमत आहे: आमच्या राज्यात भातशेती रुजवली ती एका जपानी माणसानेच. इसाबुरो ताकासुका नाव त्यांचं. 1905 साली मेलबर्नला आले, स्वान हिलजवळ मरे नदीकाठची पुरात बुडणारी जमीन सरकारने त्यांना दिली, आणि वर्षानुवर्षं पूर आणि दुष्काळ दोघांशी झुंजून 1914 च्या सुमारास विकण्याजोगं पीक काढलं. चिरंजीवांनी शाळेत यावर प्रोजेक्ट केलं. नकाशा मी काढला, गुण त्यांना मिळाले.

तांदूळ म्हटल्यावर जावयांना स्फुरण चढलं. किराणावाल्याकडचा इंद्रायणी चिकट असतोच, मग विकतचा सुशीचा तांदूळ कशाला? एका रविवारी पोळपाटावर शेवाळाचे कागद पसरून कार्यक्रम झाला. चिकटला, हे खरं. कागदापेक्षा पोळपाटाला जास्त. वास मात्र असा सुटला की धाकटीने त्यावर वरण मागितलं, आणि जपानी जेवणाचा वरणभात होऊन सगळे तृप्त झाले.

आता सासूबाई. अण्णा, आवाज. त्या पक्क्या शाकाहारी, त्यात चातुर्मास. काउंटरवर त्यांच्यासाठी दोनच गोष्टी: अ‍ॅव्होकाडोचा रोल आणि इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूची गोडसर पिशवी, आत भात. इनारी त्यांना भलतीच आवडली. आवडली म्हणजे साताऱ्याला बहिणीला व्हिडिओ कॉल करून दाखवली. मी आपली कुतूहल म्हणून पाककृती वाचायला गेले, तर ती पिशवी शिजवतात बहुधा दाशीत. दाशी म्हणजे त्यांचा मूळ रस्सा: कोंबू नावाचं शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचे रंध्याने काढल्यासारखे पातळ काप. मिसो सूपमध्ये तीच, नूडल्समध्ये तीच. जपानी जेवणात मासा दिसत नाही तिथेही तो असतोच. आता हे सांगायचं की पचवायचं? मी चार दिवस पचवलं. मग त्यांनीच विचारलं, "याला एवढी चव कशाने येते गं?" मी म्हटलं, "कोंबू." खोटं नव्हतं. त्याच कोंबूतून किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी 1908 साली ती चव वेगळी काढली, आणि पुढल्या वर्षी अजिनोमोटो म्हणून ती बाजारात आली. हो, आपल्या चायनीजच्या गाडीवरचा तोच. सासूबाईंनी अजिनोमोटो ऐकल्यावर चमचा खाली ठेवला. मासा चालला असता की काय असं मला क्षणभर वाटलं.

या सगळ्यावर तोडगा सापडला तो सुशीचा नाद सोडल्यावर. हॉपर्स क्रॉसिंगच्या बाजूला दुकानांची एक जुनी ओळ आहे. टॅक्स भरून देणारा, न्हावी, आणि मध्ये एक बोळकांडीएवढं जपानी खानावळवजा दुकान. मोजून आठ खुर्च्या. चालवतात नागोयाचे एक आजोबा आणि त्यांची सून. आजोबा बोलत नाहीत, सून बोलते. पाटी बघितली तर सुशी नाहीच! पोर्क कटलेटवर गडद लाल मिसोची चटणी, जी त्यांच्या गावची खासियत, उदोन नूडल्स, आणि करी-राइस. करी इंग्रजांकरवी जपानात गेली, म्हणून ती दाट, पिठाळ आणि गोडसर. त्यांच्याकडे घरोघरी चालते त्या व्हर्माँट करीच्या वड्यांत तर 1963 पासून सफरचंद आणि मध घालतात. धाकटीने बशी चाटली. अण्णा म्हणतील, करी ती आणि इंग्रजांकरवी? तर अस्सल हिंदुस्थानी करी पोचवणाराही होता: रासबिहारी बोस. इंग्रजांपासून लपत 1915 साली तोक्योत पोचले, शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीवाल्यांनी आसरा दिला, पुढे त्यांचेच जावई झाले, आणि 1927 साली त्याच दुकानात त्यांची करी सुरू झाली. ती आजही तिथे मिळते. सासऱ्याच्या धंद्याला हातभार लावणारा जावई, हे मी आमच्याकडे मुद्दाम मोठ्याने वाचलं.

सुशी आजोबा फक्त शुक्रवारी संध्याकाळी करतात, तीही सून सकाळी शहरात जाऊन मासा आणेल तेवढीच. मी अगदी समोरच्या खुर्चीत बसून बघितलं. बोटं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून एक टाळी वाजवतात, म्हणजे जादा पाणी उडून जातं. उजव्या हाताने लाकडी भांड्यातला कोमट भात उचलतात. डाव्या हाताच्या बोटांवर माशाची चकती, तिला वासाबीचं बोट, वर भात, भाताला अंगठ्याने एक खळगा, मग उलटवून दोन-तीनदा हलकं दाबणं. पोकळ राहिला पाहिजे आत, सून म्हणाली. कुंचल्याने सोया फिरवून समोर ठेवतात आणि आपण तोंडात घालेपर्यंत नजर हटवत नाहीत. फोटो काढायला थांबलं तर चेहरा पडतो. भात तोंडात आपोआप सुटतो. मासा होता किंगफिश, आणि हो, आई, तो कच्चा होता. काकूला हे वाक्य वाचून दाखवू नका.

सासूबाईंसाठी आजोबांनी नुसत्या कोंबूची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी वेगळी काढून इनारी केली. त्यांच्या देवळांतले भिक्षू तशीच खातात म्हणे. सासूबाईंनी चौथी इनारी मागितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मग सुनेने कात्सुओबुशीचा लाकडासारखा ठोकळा दाखवला. मी त्यांना आपल्या सोड्यांबद्दल सांगितलं, खिचडीत कसे घालतात तेही. आजोबांना ते हुंगून बघायचेत.

तेव्हा नोव्हेंबरात येताना नेहमीपेक्षा पाव किलो सोडे जास्त आणा. चांगले लालसर, वाळूचा कण नसलेले, तीन पिशव्यांत बांधून. विमानात कार्ड भरायला देतात त्यावर "खाद्यपदार्थ आहेत" याला हो लिहायचं आणि विमानतळावर उघडून दाखवायचं. अण्णांनी मागच्या वेळेसारखं "ते काय विचारणारेत" म्हणू नये. इथे कुत्राच येऊन बॅगेशी बसतो.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. (जावयांच्या हस्ताक्षरात): वरील मजकुरात निम्म्या किमतीच्या सुशीवर अन्याय झालेला आहे. आपण आल्यावर गुरुवारी संध्याकाळी प्रत्यक्ष पाहणी ठेवली आहे, त्या दिवशी मॉल नऊपर्यंत उघडा असतो. निकाल माझ्या सासूबाईंनी द्यावा. मामंजींनी फक्त पिशवी धरावी.