जिप्सी दोन इंच वर

भिलाईत लोखंडाला तोटा नाही. इथल्या पोलाद कारखान्यात एकाच तुकड्यात 130 मीटर लांबीचा रूळ निघतो, आणि ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी जे पोलाद लागलं त्यात भिलाईचाही वाटा आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून हे गाव देशाला पोलाद पुरवत आलंय. त्याच गावात, दोनेक हात लांबीच्या काही वाकड्या पट्ट्यांपायी एका मराठी जिप्सीवाल्याच्या तोंडाला फेस आला.

गृहस्थ कारखान्यातलेच. वडील नागपूरकडून येऊन रेल मिलमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. घरात मराठी, दारात हिंदी आणि मिस्त्रीपुढं छत्तीसगढी, अशी तिहेरी व्यवस्था. जिप्सी तिसऱ्या की चौथ्या हातातली. आरसी बुकावरच्या जुन्या मालकांबद्दल आदरानं मौन पाळलेलं बरं. तिच्यासाठी घरातून चाळीस हजार मंजूर झाले. मागणी ‘दुरुस्ती’ या सदराखाली केली होती म्हणून झाले. ‘सुधारणा’ असं लिहिलं असतं तर फाइल त्याच संध्याकाळी शेऱ्यासह परत आली असती.

मारुतीची जिप्सी बाजारात आली 1985 च्या डिसेंबरात. आधी 970 सीसीचं इंजिन होतं, 1996 मध्ये ‘जिप्सी किंग’ला 1298 सीसीचं मिळालं. लष्कर, पोलीस, वनखातं, रॅलीवाले, सगळ्यांनी ती वापरली आणि सगळ्यांच्या कमरेनं तिची नोंद घेतली. चारही चाकांना पाटे म्हणजे पट्ट्यांच्या कमानी, पुढं-मागं अखंड एक्सल, आणि वजन जेमतेम टनभर. ही रचना मोडत नाही. पण माणसाला मोडण्याबाबत तिनं कधी हात आखडता घेतलेला नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून दुर्गपर्यंत गेलेला पाहुणा परत येताना स्वखुशीनं ऑटो करतो.

अशी गाडी दारात उभी राहिली की मालकाला पहिली इच्छा होते ती तिला उंच करण्याची. का, हे कुणी विचारत नाही. गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरू लागलं. तिथं चिखलात बुडून पुन्हा वर येणाऱ्या जिप्स्यांचे व्हिडिओ रात्री पांघरुणात पाहिले की सकाळी आपली गाडी बसकी दिसायला लागते. त्या गाड्यांना विंच असतो, रोलकेज असतो, लॉकर असतात, आणि एकेका शॉकअपच्या किमतीत आपली अर्धी गाडी येईल. हे सगळं व्हिडिओत दिसतंच. फक्त बघणारा चाकं बघत असतो.

गृहस्थ गेले खुर्सीपारच्या बाजूला. भिलाईतले कमानीवाले मिस्त्री ट्रकांवर वाढलेले आहेत. सळया, कॉइल, स्लॅग वाहून पाठ टेकलेले ट्रक त्यांच्याकडं येतात आणि ताठ होऊन जातात. त्यांच्या शास्त्रात प्रत्येक रोगावर एकच औषध. मिस्त्रीनं जिप्सीच्या मागं उकिडवं बसून पाहिलं आणि निदान सांगितलं, “एक पट्टा बढ़ा देथन भइया, हो जाही.”

झालंही. पाटा वाढवला की स्प्रिंग ताठर होतं आणि गाडी उचलली जाते. दहा टनांच्या मालाखाली हा ताठरपणा पचतो. टनभराच्या जिप्सीत तो पचवायला कुणीच नसतं. गाडी दीड इंच उठली, आणि आतली माणसं प्रत्येक खड्ड्याला चार इंच.

“अजून थोडी हवी,” म्हणून पाठोपाठ लांब शॅकल आले. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला टांगणाऱ्या जोड-पट्ट्या. पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही, त्यामुळं शॅकल एक इंच वाढवला की गाडी अर्धाच इंच उचलते; हा हिशेब पैसे देऊन झाल्यावर कळतो. पुढच्या बाजूला तर शॅकलनं एक्सलचा कोन फिरतो आणि स्टिअरिंग सरळ राहायचं विसरतं. जीई रोडवर साठच्या वेगात गृहस्थ स्टिअरिंगला सतत बारीक-बारीक समजावत असत. मागून पाहणाऱ्याला वाटे, भैया फोनवर बोलतायत.

मात्र उंची मिळाली होती. दोन इंच. टेपनं मोजून.

मग गाडी शिवनाथच्या काठच्या एका कच्च्या वाटेवर नेली. वाटेत एक गोटा होता, जुना परिचित. जिप्सी त्याच्यावर पूर्वीही टेकायची. दोन इंच उचललेली जिप्सी डौलात पुढं सरकली आणि बरोबर त्याच गोट्यावर, बरोबर त्याच जागी टेकली.

यात भुताटकी काही नाही. अखंड एक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबतो तो डिफरेन्शियलचा गोळा. तो एक्सलवर असतो, एक्सल चाकांवर. पाटे उचलले की चासी वर जाते, टप वर जातो, ड्रायव्हरचा अहंकार वर जातो. गोळा होता तिथंच राहतो. त्याला वर नेणारी या गाडीत एकच गोष्ट आहे, टायर. पाट्यांच्या उंचीचा उपयोग इतकाच की मोठ्या टायराला मडगार्डखाली जागा मिळते, आणि चढ-उतार बदलतात तिथं पोट किंवा शेपूट घासत नाही. म्हणजे गृहस्थांनी नाटकाआधी पडदा विकत घेतला होता.

इथं वडिलांचा प्रवेश झाला. एवढे दिवस ते व्हरांड्यातून बघत होते. रेल मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला पोलादाशी चाललेला पोरखेळ किती दिवस बघवणार? “काहून रे,” ते म्हणाले, “पाटे खोलून पाहिले का तू एकदा तरी? का नुसतंच वरून वाढवत चालला?”

खोलले. मुख्य पाट्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे गंजून एकमेकांना चिकटले होते. पाट्यांचं काम एकमेकांवर घसरत वाकण्याचं. ते घसरायचे थांबले की पाचसहा पातळ पट्ट्यांचा एक जाड ठोकळा होतो. गाडी कडक लागण्याचं अर्धं कारण तिथं होतं. उरलेलं अर्धं बुशांत: रबराचा भुगा झालेला, शॅकलच्या पिना लोखंडावर लोखंड घासत होत्या. तारेच्या ब्रशनं पाटे लख्ख केले, मधे ग्रॅफाइट ग्रीस भरलं, नवे बुश, नवे सेंटर बोल्ट, वाढवलेला पाटा बाहेर, लांब शॅकल बाहेर. सगळा खर्च एका बऱ्या टायराच्या किमतीत बसला, आणि गाडी पहिल्यांदा गाडीगत चालली. आईनं मागच्या बाकावर बसून सिव्हिक सेंटरला जाऊन यायचं कबूल केलं, हे प्रशस्तिपत्र कुठल्याही लिफ्ट किटला मिळालेलं ऐकिवात नाही.

बसलेल्या पाट्यांचा प्रश्न राहिला. मिस्त्री गॅसचा टॉर्च पेटवून म्हणाला, लाल करून वाकवून देतो. वडील खुर्चीतून उठले. स्प्रिंगच्या पोलादाला ठरावीक तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा हळू गरम करून पाणी दिलेलं असतं. टॉर्चनं एका ठिकाणी लाल केलं की तिथलं पाणी उतरतं आणि पाटा मऊ पडतो. लाल असतानाच पाण्यात बुडवला तर ठिसूळ होऊन पुढं कधीतरी तडकतो. थंड पाटा ऐरणीवर ठोकून बाक देता येतो, तो काही काळ टिकतो, मग पुन्हा बसतो. यावर बापलेकाचं एकमत होऊन पाटे थंडच ठोकून घेतले. “बसले की पुन्हा ठोकू,” असं वडील म्हणाले. निवृत्त माणसाला तेवढंच काम.

शेजारच्या सेक्टरातल्या एका हौशी माणसानं मात्र थेट शेवटचा डाव टाकला. जिप्सीत पाटे एक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते वर बांधले की चार-पाच इंच उंची एका झटक्यात मिळते, आणि खर्च म्हणाल तर वेल्डिंगचा. पुढं काय होतं ते वेल्डिंगवाला सांगत नाही. ब्रेकचे होस ताणतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरते, स्टिअरिंगचा दांडा पाट्याला अडतो, जोर लावला की पाटे पीळ खातात, आणि जुने शॉकअप आखूड पडून चाकाला खालीच जाऊ देत नाहीत. एकेक दुरुस्त करत गेलं की स्वस्त डाव महाग किटच्याही पुढं जातो. गाडी आता भव्य दिसते. उभी असते त्यामुळं नीट पाहताही येते.

चाकांकडं वळताना गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन बसले, हे त्यांचं पहिलं शहाणपण. जिप्सीचा मूळ टायर 205/70 आर 15. रुंदी 205 मिलिमीटर, भिंत तिच्या सत्तर टक्के. दोन्ही भिंती आणि पंधरा इंची रिम मिळून व्यास 668 मिलिमीटर. मनातला टायर 235/75 आर 15, व्यास सुमारे 734. फरक 66, आणि गोळा उचलला जाणार त्याच्या निम्मा, 33 मिलिमीटर. सव्वा इंच. त्यासाठी इंजिनावर सुमारे दहा टक्के जादा गिअरचा बोजा, वजनदार चाकं, वळताना पाट्याला घासणारं रबर, मडगार्डला कात्री आणि साठ दाखवत सहासष्टनं धावणारा स्पीडोमीटर. शिवाय टायर चार नाहीत, पाच. फोर-व्हीलमध्ये स्टेपनी वेगळ्या मापाची बसवून गाडी हाणली तर ट्रान्स्फर केसचे दात मोजायला लागतात. पाच नव्या टायरांची किंमत काढल्यावर चाळीस हजार कागदावरच संपले.

इथं जगाचा इतिहास मदतीला आला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या चाकाला पाच बोल्ट होते, साडेपाच इंची वर्तुळावर, म्हणजे 139.7 मिलिमीटर. महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीप जोडायला घेतल्या त्याही याच मापाच्या. सुझुकीनं जिप्सीला हेच वर्तुळ ठेवलं आणि 7 जून 2023 ला भारतात आलेल्या जिम्नीलाही. साम्राज्यं गेली, सोव्हिएत संघ गेला, ते पाच बोल्ट जागेवर आहेत. आणि नवी जिम्नी घेणारे बरेच हौशी लोक शोरूममधून निघाल्या-निघाल्या मूळची चाकं काढून मोठी घालतात. त्यांनी काढून टाकलेली, जेमतेम मळलेली पाच चाकं टायरांसकट रायपूरला मिळाली. माप 195/80 आर 15, व्यास 693. गोळा साडेबारा मिलिमीटर वर.

मित्र हसले. साडेबारा मिलिमीटरचा सत्कार करायचा का, असंही कुणीतरी विचारलं. पण मूळ टायरांच्या बाजूवर कोरलेले चार आकडे कुणी वाचले नव्हते. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर, रबर मात्र पार दगड झालेलं. चिखलात आणि ओल्या डांबरावर पकड रबर धरतं, उंची धरत नाही. स्पीडोमीटर मुळातच थोडा वाढवून दाखवायचा. आता टायर थोडा मोठा झाल्यानं तो जवळपास खरं बोलायला लागला. जिप्सीत ही पहिलीच प्रामाणिक वस्तू.

खरी परीक्षा धानाच्या शेतांमधल्या कन्हार जमिनीत झाली. छत्तीसगढची ही काळी, चिकट माती पावसात टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत करून सोडते. गृहस्थांनी खाली उतरून चारही टायरांतली हवा 28 पीएसआयवरून 18 वर आणली. टायर पसरला, जमिनीवरचा ठसा लांबला, आणि लो-रेंजच्या दुसऱ्या गिअरात गाडी निवांत बाहेर आली. खर्च शून्य रुपये. बांधावरून पाहणाऱ्या शेतकऱ्याला वाटलं पंक्चर झालंय. तो ट्रॅक्टर आणायला निघालाही होता. हवा मात्र पक्क्या रस्त्यावर चढण्याआधी परत भरावी लागते, नाहीतर टायर तापतो आणि वळणावर रिममधून निसटू शकतो. म्हणून उरलेल्या पैशांतून पहिली खरेदी बारा व्होल्टच्या पंपाची झाली, दुसरी गेजची. इगतपुरीजवळ महिंद्रांनी काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात लोक कच्च्या वाटेवरचं ड्रायव्हिंग शिकायला जातात. या दोन वस्तू घेऊन एक दिवस तिथं घालवला तर दोन इंचांची लिफ्ट नाहीतरी कुणाला आठवत नाही.

राहता राहिला कायदा, आणि तो जिप्सीवाल्यांच्या गप्पांत शेवटीच येतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम उत्पादकानं ठरवलेल्या रचनेशी विसंगत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या 182-अ कलमात मालकाला प्रत्येक फेरफारामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शेजारच्या सेक्टरातल्या त्या भव्य गाडीचे फेरफार मोजायला गृहस्थांचे वडील एकदा चष्मा लावून गेले होते. चौथ्या फेरफारानंतर मालकानं चहाला बोलावून विषय बदलला.

गृहस्थांच्या जिप्सीकडं आता वळून कुणी पाहत नाही. गोटा शिवनाथच्या काठी अजून आहे, आणि गाडी त्याच्या शेजारून जाते. तुम्हीही याच वाटेनं निघाला असाल तर एक विनंती. पाटे खोलाल तेव्हा ते एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट पुन्हा आवळू नका. ते एकदा ताणले की त्यांचा भरवसा नाही. नवे घ्या, आणि दोन-तीनशे किलोमीटर झाले की गाडीखाली शिरून पुन्हा एकदा आवळा. मिस्त्री “हो जाही” म्हणाला तरी.