विनातिकीट

पावसाळ्यात रात्री साडेदहानंतर आमच्या इमारतीच्या मागे उजेडाचा गोल फिरताना दिसला तर चोर समजू नये. ते तळमजल्यावरचे तात्या असतात. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, वर जुना रेनकोट, गळ्यात तुळशीची माळ, डाव्या हातात टॉर्च आणि उजव्या हातात मोज्यासारखी चढवलेली दुधाची रिकामी पिशवी. मधूनच दबका आवाज येतो, "सापडलीस! चल, उतर."

तात्या एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत त्यांचा जीव जडला, तोही फक्त शोभेच्या पानांवर. लाल शिरांचं कॅलेडियम, मखमली कोलियस, रात्री पानं मिटणारी कॅलाथिया. काकूंचा याला पहिल्यापासून विरोध. "ना फूल, ना फळ, ना भाजीला पान! त्यापेक्षा अळू लावा, वड्या तरी होतील." कॅलेडियम अळूच्याच घराण्यातलं, असं तात्या एकदा कौतुकानं बोलून गेले. काकूंनी लगेच विळी काढली. मग हे खाल्लं तर घसा सुजतो, हेही त्यांना घाईघाईनं सांगावं लागलं.

पहिल्याच जूनमध्ये पानांना भोकं पडली. अगदी पंच मारलेल्या जुन्या तिकिटासारखी. कुंड्यांवर चकचकीत सुकलेल्या वाटा. तात्यांनी रात्री टॉर्च मारला तर कुंडीच्या काठावर मुठीएवढ्या शंखाची एक, पानाखाली बिनशंखाच्या शेंबडासारख्या चार. माणसानं चोरून प्रवास केला तर त्याचा दंड घेता येतो. यांचा काय घेणार?

यांना मुळात गाडीत चढवलं कुणी, याचा तपास तात्यांनी आधी लावला. ही मोठी गोगलगाय आफ्रिकेची. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं १८४७ साली ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली. "कलकत्ता ते हडपसर!" तात्या थरथरत म्हणाले, "आणि तिकीट? शून्य!" त्यातून प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, नि एका खेपेला शंभर-दोनशे अंडी घालते, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट २०२३ साली सुरू झालं. आपण त्याआधीच निवृत्त झालो हे बरं झालं, एवढंच ते शेवटी म्हणाले.

माणूस इतका चिडलेला असूनही एकही गोगलगाय मारू शकत नाही. माळकरी आहेत ना. नर्सरीवाल्यानं मेटाल्डिहाइडच्या गोळ्या दिल्या होत्या. गोगलगाय त्या खाऊन मरते, पण कुत्र्यानं खाल्ल्या तर तेही मरू शकतं. काकूंनी पुडी उघडूसुद्धा दिली नाही, कारण सोसायटीचा मोत्या कुंड्यांपाशीच झोपतो. नातवानं एकदा गंमत म्हणून मीठ टाकलं. अंगातलं पाणी ओढलं जाऊन फेस आलेला तो जीव बघून तात्या रात्री जेवले नाहीत. वर, मिठानं कुंडीतली माती बिघडते ते वेगळंच. दुसऱ्या मजल्यावरून अंड्यांची टरफलं आली. चुरून भोवती टाका, टोचतात म्हणे. माळकऱ्याच्या दारात अंड्याची टरफलं! पुढे त्यांच्या वाचनात आलं, की इंग्लंडातल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ साली लेट्यूसच्या रोपांवर प्रयोग केला आणि त्यात टरफलं, तांब्याची पट्टी, खडी यांतल्या कशाचाच गोगलगायींवर परिणाम दिसला नाही. तो कागद तात्यांनी लिफ्टशेजारी चिकटवला.

बिअरचं प्रकरण मात्र माझ्या अंगावर आलं. वाटीत बिअर ओतून ती मातीत पुरली की गोगलगायी वासानं येतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. झिंगल्या की उचलायला सोप्या, असा त्यांचा हिशोब. "तू आण," मला म्हणाले, "म्हणजे पाप निम्मं निम्मं." मी आणली. सकाळी वाटीत पाच बुडून मेलेल्या. झिंगायच्या म्हणजे बुडायच्या, हे तात्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी एकादशी नसताना त्यांनी उपास धरला आणि हरिपाठ दोनदा म्हटला. माझ्या वाटचं निम्मं पाप अजून फेडायचं राहिलंय. गोगलगायी दारूला भुलत नाहीत, आंबलेल्या यीस्टच्या वासाला भुलतात, हे समजल्यावर तात्यांनी गुपचूप काकूंचं इडलीचं पीठ पळवलं. गोगलगायी आल्या की नाही ठाऊक नाही, काकू आल्या.

खरा उपाय लातूरच्या भाच्यानं दिला. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं शेतंच्या शेतं फस्त केली होती. दुबार पेरणी केलेला तो माणूस. तात्यांच्या बारा कुंड्या बघून तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "मामा, गुळाच्या पाण्यात पोतं भिजवायचं न् सांजच्याला टाकायचं. सकाळी उचललं, की सगळ्या खाली गोळा. मग मिठाच्या पाण्यात..." तात्यांनी गुळापर्यंत ऐकलं आणि मिठापाशी कानांवर हात ठेवले.

तेव्हापासून हा नेम आहे. झाडांना पाणी संध्याकाळी घालायचं नाही, सकाळी घालायचं, म्हणजे रात्री माती फार ओली राहत नाही. कुंड्या भिंतीपासून सुट्या, तिवईवर. संध्याकाळी सहाला पोतं. पहाटे पोत्याखालचे प्रवासी मोजून बादलीत. हाताला पिशवी, कारण या गोगलगायींत उंदराच्या फुप्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात. मग इकडेतिकडे बघून तात्या बादली कुंपणाच्या भिंतीवर ठेवतात, डबल बेल दिल्यासारखं तोंडानं "टिंग टिंग" करतात आणि अख्खी गाडी पलीकडच्या सोसायटीत रिकामी करतात. हिंसा नाही, फक्त बदली.

काकूंनी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. "गोगलगाय अन् पोटात पाय," एवढंच म्हणाल्या. तात्यांनी तात्काळ सांगितलं, की ही म्हण शास्त्रीय आहे, या प्राण्यांच्या ग्रीक नावाचा अर्थच पोट-पाय. काकू म्हणाल्या, "मी प्राण्यांबद्दल बोलत नव्हते."

तरीही गोगलगायींची संख्या घटेना. तेव्हा त्यांना रूथ ब्रुक्स सापडल्या. इंग्लंडातल्या डेव्हनच्या या आजीबाईंनी गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, त्यांना लांब सोडलं आणि त्या घरी परत येतात हे दाखवून दिलं. २०१० साली बीबीसी रेडिओच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या. त्यांच्या गोगलगायी आपल्याहून वेगळ्या जातीच्या, पण तात्यांना धीर कुठला! सुनेची लाल बाटली घेऊन त्यांनी एकवीस शंखांवर ठिपके दिले आणि गाडी सोडली.

चौथ्या दिवशी पोत्याखाली सहा लाल ठिपके. "परतीचं तिकीटसुद्धा नाही!" तात्या पुटपुटले आणि टॉर्च आणखी खाली नेला. लालांच्या शेजारी तीन वेगळ्या होत्या. त्यांच्या शंखांवर निळा ठिपका होता, सुबक, दोन हात दिलेला.

तात्यांनी त्या तिघी कुणालाच न दाखवता वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. डब्याला भोकं पाडून आत काकडी दिली आहे. पलीकडच्या सोसायटीतल्या निळ्या नेलपॉलिशवाल्यांनी हे वाचलं तर एवढंच : आपल्या तीन आमच्याकडे सुखरूप आहेत. सकाळी सातच्या आत येऊन न्याव्यात. येताना आमच्या पंधरा घेऊन येऊ नयेत.