मालक बदलला, पाणी कधी येणार?

आमच्या पडेगावच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप २०१३ सालचा. नाव 'कॉलनी परिवार', पण सगळे म्हणतात 'पाण्याचा ग्रुप'. जायकवाडी धरण आमच्याच जिल्ह्यात, पैठणला. तरी ते पाणी आमच्या नळाला कोणत्या दिवशी उतरणार, हे पंचांगातही सापडत नाही. ते फक्त अण्णांना कळतं. अण्णा निवृत्त मास्तर, ग्रुपचे संस्थापक आणि एकमेव ॲडमिन. पहाटे चारला त्यांचा मेसेज येतो, 'आलं'. त्या एका शब्दावर चाळीस घरांतल्या मोटारी घरघरू लागतात.

फेसबुक व्हॉट्सॲप विकत घेणार, १९ अब्ज डॉलरला, हे २०१४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. छावणीच्या बाजारात म्हैस विकली की तिच्या अंगावरची गोचीडही नव्या मालकाकडे जाते, तसे आम्हीही गेलो. ग्रुपवर त्याबद्दल अक्षर नव्हतं. पाण्याचा दिवस होता.

जाग आली ती २०२१ च्या जानेवारीत. नव्या अटींची सूचना आली आणि 'मालक आपले मेसेज वाचणार' अशी आवई उठली. वाचून त्याला काय मिळणार, तर चाळीस टाक्यांची पातळी, हा विचार कुणी केला नाही. समोरचे बँकवाले साहेब खवळले. "माझी खासगी माहिती मी अमेरिकेला देणार नाही!" याच साहेबांनी तीन दिवसांपूर्वी स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो चुकून ग्रुपवर टाकला होता आणि त्याला अकरा जणांनी अंगठा दिला होता. असो. ठरलं, सगळ्यांनी सिग्नलवर जायचं.

आमच्या दारावरचा रस्ता पुढे मिटमिट्यावरून दौलताबादला जातो. १३२७ साली महंमद तुघलकाने देवगिरीचं दौलताबाद केलं, राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि काही वर्षांनी परत नेली. हा धडा शिकवण्यात अण्णांची तीस वर्षं गेली होती. तरी त्यांनी सांडणीस्वार धाडला : 'सर्वांनी त्वरित निघावे.' तेवीस घरं पोचली, बाकीची वाटेत राहिली. कोपऱ्यावरच्या काकूंनी सिग्नल समजून भलतंच काही उतरवून घेतलं. त्यात त्यांना रोज कुणीतरी बिनव्याजी कर्ज देऊ करायचं. पहिल्याच पाण्याला अण्णांचं 'आलं' सिग्नलवर गेलं आणि सतरा टाक्या कोरड्या राहिल्या. सकाळी सात वाजता सतरा जणी अण्णांच्या फाटकाशी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. साडेसातला राजधानी परत हलली. तुघलकाला इतक्या लवकर कळलं असतं तर!

तसं मालक बदलण्याचं या शहराला अप्रूप नाही. मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. माणसं तिथंच राहिली, पाट्या तेवढ्या रंगल्या.

खरा पेच यंदा पडला. अण्णा घर विकून मुलाकडे पुण्याला निघाले. गादीचा वारस कोण? बँकवाले साहेब सतरा कलमी नियमावली घेऊन तयार. गणपती मंडळाचे अध्यक्ष 'युवकांना संधी' म्हणत तयार; वय त्रेपन्न. मारुतीच्या पारावर दोन बैठका झाल्या, चहा झाला, निर्णय झाला नाही. इकडे सामान बांधताना ग्रुपची टुणटुण बंद करायला गेलेल्या अण्णांचा अंगठा भलतीकडे पडला आणि ते ग्रुपबाहेर गेले. एकुलता ॲडमिन वारस न नेमता गेला की ॲप आपल्या मर्जीने कुणा सदस्याला गादीवर बसवतं. आमच्याकडे माळ पडली टँकरवाल्याच्या गळ्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी जात होतं तेव्हा, अडीअडचणीला असावा म्हणून अण्णांनीच त्याला आत घेतलं होतं.

"साहेब, आईची आन, मी कायबी दाबलं न्हाई," तो म्हणाला. 

पण कारभार चोख आहे. शुभ सकाळचे गुलाब बंद. नियमावली टाकणाऱ्या साहेबांना त्याने दोन दिवस बाहेर ठेवलं. पहाटेचं 'आलं' मात्र आता कुणी लिहीत नाही. 'आज नळाला पाणी आहे का?' असं विचारलं, की मिनिटात ॲडमिनचं उत्तर येतं : 'पाच हजार लिटरचा पाठवू का?'