स्पोर्ट्स कार भंगारात कशी काढावी : नवशिक्यांसाठी सात सोप्या पायऱ्या

चांगली स्पोर्ट्स कार एकट्यादुकट्याच्या हातून भंगारात जात नाही. तीन-चार मालकांनी एकामागून एक नेटाने दुर्लक्ष करावं लागतं. त्यातले शेवटचे तुम्ही असाल, तर ही पुस्तिका तुमच्यासाठी आहे. सरावाला ब्रिटनमधली पोर्शे ९४४ घेतली आहे. १९८२ ते १९९१ या काळात या मॉडेलच्या दीड लाखाहून जास्त गाड्या तयार झाल्या, त्यामुळे हात बसेपर्यंत माल कमी पडणार नाही.

साहित्य : ९४४ एक, शक्य तितकी स्वस्त. मालक एक, हौशी. पाऊस आवडीनुसार. सर्व्हिसच्या पावत्यांची फाईल, रिकामी.

पायरी १. किंमत बघा, खर्च बघू नका. नवी असताना ही गाडी सुखवस्तू माणसाची होती. पुढे बरीच वर्षं ती साध्या घरगुती गाडीच्या भावात मिळत होती. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या क्लचची उतरत नाही. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो. तुम्ही खिशात मोजून चार आणेच घेऊन आला असाल, तर निम्मं काम इथेच झालं.

पायरी २. फाईल उघडू नका. विकणारा म्हणेल, "बेल्ट मागच्याच मालकानं बदललाय." विश्वास ठेवा. मागचा मालकही त्याच्या मागच्याबद्दल हेच म्हणाला होता.

पायरी ३. टायमिंग बेल्टला हात लावू नका. सगळ्यात कमी कष्टाची पायरी. या इंजिनात वॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. कोणी कधी यायचं, हे एक दातेरी रबरी पट्टा ठरवतो. पट्टा तुटला की दोघं एकदमच येतात आणि वॉल्व्ह वाकतात. इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टची युक्ती पोर्शेने मित्सुबिशीकडून परवान्यावर घेतली. या शाफ्टना वेगळा पट्टा आहे. तो तुटून पहिल्यात अडकला तरी निकाल तोच. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पंप जाम झाला तरी चालेल. आळशी मालकाची इतकी सोय फार थोड्या गाड्या करतात.

पायरी ४. क्लच पुढच्या महिन्यावर ढकला. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोन्हींना जोडणारी लांब नळी मध्ये, अशी ९४४ची मांडणी आहे. त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास सारखं विभागलं जातं आणि गाडी वळणं सुरेख घेते. क्लच मात्र इंजिनालगत. तिथे पोचायला एग्झॉस्ट उतरवा, गिअरबॉक्स उतरवा, मग ती नळी मागे सरकवा. ज्या मांडणीवर भाळून तुम्ही गाडी घेतलीत, तिचीच मजुरी मेकॅनिक लावतो. आकडा ऐकल्यावर "बघू" म्हणा आणि किल्ली परत घ्या.

पायरी ५. गाडी उघड्यावर लावा. पोर्शेने पत्र्याला जस्ताचा मुलामा दिला आहे, ही खरी अडचण. पण खचून जाऊ नका. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. दोन-तीन दशकांत ते दारांखालच्या पत्र्यात घर करतं. मग गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीत ती नापास होते आणि वेल्डिंगचं अंदाजपत्रक हातात पडतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. क्लचचं तिथेच आहे.

पायरी ६. कुठेतरी हलकेच धडका. जोरात धडकण्याची गरज नाही. विमा कंपनी जखम मोजत नाही, गाडीच्या बाजारभावाशी तिचा हिशोब मांडते. बंपर, बॉनेट आणि उघडझाप करणारा एक हेडलाइट गेला की दुरुस्ती त्या भावाच्या वर चढू शकते. सांगाड्याला धक्का नसेल तर 'एन' वर्गाचा शिक्का बसतो. म्हणजे गाडी दुरुस्त होऊ शकते, फक्त कोणी करत नाही.

पायरी ७. सुटी करा. आता मौज बघा. उभ्या गाडीला गिऱ्हाईक नाही, पण तडा न गेलेला डॅशबोर्ड म्हणताच फोन वाजू लागतो, कारण ९४४चे डॅशबोर्ड उन्हाने तडकतात. मागोमाग गिअरबॉक्स, सीट, चाकं, हेडलाइटची मोटर. बेरीज पूर्ण गाडीपेक्षा जास्त भरते. उरलेला सांगाडा परवानाधारक भंगार केंद्रात द्या आणि नाशाचा दाखला घ्या. तोच फाईलमधला पहिला कागद.

शंका-समाधान

गाडी नेमकी कशाने गेली? बेल्ट, क्लच, गंज यांपैकी कुठलंही एक दुखणं एकेकटं निभावलं असतं. प्रत्येक मालकाने आपलं दुखणं पुढच्याला विकलं. तुम्हाला पुढचा भेटला नाही, एवढंच.

मग हा गुन्हा झाला का? छे. रस्त्यावरच्या कितीतरी ९४४ अशाच मेलेल्या गाड्यांच्या भागांवर चालतात. नव्या भागांच्या भावापुढे त्यांच्याही मालकांनी हात टेकले असते.

पुढे पस्तावा होईल का? होण्यासारखी सोय आहे. ब्रिटनमध्ये गाडीची चाळिशी उलटली की अर्ज केल्यावर रस्ताकर माफ होतो, आणि मूळ रचनेत मोठे बदल नसतील तर एमओटीही सक्तीची राहत नाही. तुमच्यासारख्यांनी मेहनत घेतल्यामुळे गाड्या कमी उरल्या आणि भाव चढले. आता क्लच बदलणं परवडतं. तुमचा डॅशबोर्ड बसवलेली एखादी ९४४ विकायला निघालीच, तर लांबूनच बघा. मालक किंमत सांगेल, आणि वर न विचारता फाईलही दाखवेल.