रुखवत मांडले आहे

माद्रिद, बार्सिलोना, मिलान, तुरिन, म्युनिक, लंडन आणि मँचेस्टर येथील समस्त फुटबॉल-धनिकांस,

स.न.वि.वि.

आम्ही अ‍ॅम्स्टरडॅमच्या आयाक्स क्लबाचे पाठीराखे. हंगामाचे तिकीट आमच्याकडे असते आणि हंगाम संपला की संघ तुमच्याकडे असतो. इतक्या वर्षांचा हा घरोबा. कधीतरी जाहीर आभार मानायला हवेत, म्हणून हे अनावृत पत्र. मराठीत लिहितो आहोत, कारण डच भाषेत आम्हाला तक्रार करता येते, आर्जव जमत नाही.

पहिला मान मिलानचा. 24 मे 1995 रोजी व्हिएन्नात आमच्या अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लुइव्हर्टने 85व्या मिनिटाला गोल करून तुम्हाला हरवले आणि आम्ही युरोपचे विजेते झालो. तुम्ही मनात काही ठेवले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात बोसमन खटल्याचा निकाल लागला. करार संपलेला खेळाडू बदली शुल्काशिवाय दुसरीकडे जाऊ शकतो, असे युरोपीय न्यायालयाने ठरवले. तुम्ही निकालाचा बारकाईने अभ्यास केलात आणि 1996मध्ये डाविड्स व रायझिगर, 1997मध्ये बोगार्ड आणि खुद्द क्लुइव्हर्ट यांना छदामही न देता घेऊन गेलात. वर्षभराने क्लुइव्हर्टला बार्सिलोनाला धाडलेत, तेव्हा मात्र पैसे मोजून घेतलेत. व्हिएन्नात सुरुवातीला उतरलेल्या अकरांपैकी 1999चा उन्हाळा सरला तेव्हा आमच्याकडे एकही नव्हता. रायकार्ड आणि ब्लिंड तेवढे निवृत्त झाले म्हणून सुटले.

(निकालाबद्दल आमची तक्रार नाही. करार संपल्यावरही माणसाला दावणीला बांधून ठेवायचे, हे कोणत्या तोंडाने मागणार?)

मग 2019 उजाडले. माद्रिदमध्ये जाऊन आम्ही रेआलला 4-1 असे लोळवले, तुरिनमध्ये रोनाल्डोच्या युव्हेंटसला घरी बसवले. गावभर जल्लोष झाला. आता कळते, की ते आम्ही मांडलेले रुखवत होते आणि तुम्ही पाहुणे हिंडून एकेक वस्तू हेरत होतात. फ्रेंकी डी याँगची सुपारी तर जानेवारीतच फुटली होती. बार्सिलोना, साडेसात कोटी युरो. एकोणीस वर्षांचा कर्णधार डी लिख्ट जुलैत युव्हेंटसकडे गेला, तेवढ्याच रकमेला. उपान्त्य फेरीत टॉटनहॅमविरुद्ध एकूण तीन गोलांची आघाडी असताना लुकास मोराने एकट्याने तीन गोल मारले आणि भरपाई वेळेतल्या तिसऱ्याने, परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमानुसार, आम्हाला बाहेर काढले, त्याचे दुःख अजून आहे. पण अंतिम फेरी जिंकलो असतो तर भाव आणखी चढले असते, एवढेच.

पुढच्या वर्षी झियेश चेल्सीला आणि फान डे बेक मँचेस्टर युनायटेडला. 2022मध्ये युनायटेडने कमाल केली. प्रशिक्षक टेन हाख यांनाच नेले, आणि त्यांनी तिथे पोहोचल्यावर लिसांद्रो मार्टिनेझ व अँटनी यांना बोलावून घेतले. अँटनीचे साडेनऊ कोटी युरो आले. इतका पैसा पाहून आमचे कारभारी हरखले. 2023च्या उन्हाळ्यात त्यांनी दहा कोटींहून जास्त युरो खर्चून नवे खेळाडू आणले, आणि ऑक्टोबर संपता संपता आम्ही डच लीगमध्ये अठरापैकी अठरावे होतो. पैसे तुम्ही चोख दिलेत, त्याबद्दल शब्द नाही. पण आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून एकमेकांना पास देत वाढलेली पोरे कोणत्या दुकानात मिळतात, त्याचा पत्ताही सोबत द्यायला हवा होतात.

खरी विनंती लहानांबद्दल आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी नेऊ नये, असा फिफाचा नियम आहे; युरोपीय संघाच्या हद्दीत मात्र सोळा पुरे होतात. ही फट तुम्हाला चांगली ठाऊक. टिमोथी फोसू-मेन्सा 2014मध्ये सोळाव्या वर्षी आमच्याकडून मँचेस्टरला गेला. तयार खेळाडू नेलात तर बदलीची रक्कम तरी मिळते. सोळाव्या वर्षी नेलात तर हाती येते ती प्रशिक्षणाची भरपाई, आणि पुढे कधी तो मोठ्या रकमेला विकला गेलाच तर त्यातल्या पाच टक्क्यांतला आमचा तुकडा. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबांना ही पळवाट बंद झाली. त्या भानगडीने कोणाचे तरी भले केले म्हणायचे! बाकीच्यांनी निदान पोराला आमच्या पहिल्या संघात दोन हंगाम खेळू द्यावे. तोवर तुमचे हेर आमच्या मैदानावर खुशाल बसोत, कॉफी आमच्याकडून.

नेऊ नका, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. मोठ्या पगाराला कोणाही पोराचे आईबाप हो म्हणणारच. फक्त रांगेने न्या. एकाच उन्हाळ्यात बचाव, मधली फळी आणि प्रशिक्षक असे सगळे उचलू नका.

कळावे, लोभ असावा.

आपले,
आयाक्सचे पाठीराखे

ता.क. – पत्र पाकिटात घालतानाच टिलबर्गच्या विलेम टू क्लबाच्या एका पाठीराख्याने गाठले. डी याँग त्यांच्या अकादमीतला. 2015मध्ये आम्ही त्याला नाममात्र एक युरो आणि पुढच्या विक्रीतला वाटा कबूल करून आणले होते. हाच मजकूर आमच्या नावाने पाठवावा म्हणतो. अशा पत्रांना तुम्ही काय उत्तर देता, त्याचा एखादा नमुना असल्यास उलट टपाली पाठवावा.